भिंतीवरचा माशीमार कोळी ओळखायचा कसा

मी यावल तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गोठ्याच्या भिंतीवर जाळं न विणता माशीच्या मागे फिरणारा करडा, चपटा कोळी आमच्या गावात सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण थांबून बघितलेला नसतो. तो बहुतेक वेळा मेनेमेरस या प्रजातीतला निघतो. जगात तिच्या साठाहून जास्त जाती आहेत. घरांच्या भिंतींवर सगळ्यात जास्त भेटते ती मेनेमेरस बायव्हिटाटस. ती मूळची आफ्रिकेतली मानतात. माणसाच्या वस्तीबरोबर ती उष्ण प्रदेशांत सगळीकडे पोचली.

शोधायला हिवाळ्यातली सकाळ धरा. पूर्वेकडच्या भिंतीवर ऊन आलं की हे कोळी बाहेर पडतात, कारण त्यांची शिकार सगळी नजरेवर चालते. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की दुपारी भिंतीपाशी उभं राहण्यात अर्थ नाही.

आधी चेहरा बघा. पुढे चार डोळे ओळीत, त्यातले मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. उरलेले चार डोक्यावर, बाजूंना. एवढं दिसलं की तो उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या सॉल्टिसिडी कुलातला, यात शंका नको. मोबाइलला लावायचं भिंग असेल तर त्या मोठ्या डोळ्यांवर धरा. डोळ्याचं बाहेरचं भिंग हलत नाही, आतला दृष्टिपटल हलतो. तो तुमच्याकडे रोखून बघत असला की डोळा काळाभोर दिसतो, आणि नजर दुसरीकडे वळली की त्याच डोळ्यात फिकट छटा येते. हे दिसायला लागलं की ओळख-बिळख जरा बाजूला ठेवा आणि बघत राहा. माझ्या वर्गातली पोरं इथे हमखास गप्प होतात.

आता अंग. मेनेमेरस बाजूने बघितला तर भिंतीला चिकटल्यासारखा चपटा दिसतो, म्हणून पोपड्याच्या फटीतही मावतो. लांबी साधारण ९ मिलिमीटर. बायव्हिटाटसच्या नराच्या पोटावर मधोमध गडद पट्टा आणि कडेला पांढुरकं. मादी फिकट, तिच्या पोटाच्या दोन्ही कडांना गडद पट्टे, मागे जुळलेले. इथेच प्लेक्सिपस पेकुलीशी गल्लत होते. तोही घराच्या भिंतीवरच राहतो, पण अंगाने जाड असतो आणि त्याच्या काळ्या नराच्या पाठीवर मधोमध पांढरा पट्टा असतो. नर असेल तर मधला पट्टा गडद की पांढरा, एवढंच आधी बघा.

शिकार बघायची तर दोन हात लांब उभे राहा, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. माशी बसली की तो आधी तोंड तिच्याकडे वळवतो. मग दबकत पुढे. माशी हलली की जागच्या जागी थांबतो, जमलं तर वळसा घालून मागून येतो. उडीआधी भिंतीला रेशमाचा धागा चिकटवतो, म्हणजे नेम चुकला तरी खाली पडत नाही. उडीचा जोरही स्नायूंपेक्षा अंगातल्या द्रवाच्या दाबाचा: तो दाब मागच्या पायांत जातो आणि पाय झटकन सरळ होतात.

फोटो वरून, समोरून आणि बाजूने घ्या, शेजारी फूटपट्टी धरा. जवळून बघायला काचेचा ग्लास अलगद पालथा घाला, खालून पोस्टकार्ड सरकवा. ग्लास उन्हात ठेवू नका आणि काम झालं की त्याच भिंतीवर सोडा. जातीचं नाव मात्र घाईने लिहू नका. पक्की ओळख सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांवरून आणि मादीच्या जननांगावरून होते. फोटोवरून खात्री नसेल तर नुसतं ‘मेनेमेरस’ लिहा, तेही पुरेसं मोलाचं आहे. आपल्याच राज्यात ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं नाव २०२१ मध्ये शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून आयसियस तुकारामी ठेवलं गेलं. इतक्या वर्दळीच्या भागात नवी जात मिळते, मग आपल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या भिंती नीट बघायला नकोत?

दिवाळीआधी चुना मारताना फटी एकदा बॅटरीने बघून घ्या. पांढरी दाट रेशमी पिशवी आणि तिच्याजवळ मादी दिसली तर ती अंडी आहेत. तेवढी वीतभर जागा सोडा, पिल्लं बाहेर पडली की मग ब्रश फिरवा.