गावच्या ग्रुपवर बातमी आली की: ती तपासायची कशी, भांडण आवरायचं कसं आणि मदत पोचवायची कशी

मुलं पळवणारी टोळी आली, हा मेसेज दर दोन-चार वर्षांनी गावोगावच्या ग्रुपवर येतो. तालुक्याचं नाव बदलतं, मजकूर तोच राहतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, अशाच अफवेपायी जमावानं पाच जणांना मारून टाकलं. ते मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. आपल्याकडे विदर्भातही सुगीनंतर बहुरूपी, नंदीवाले, गोसावी दारी येतात. म्हणून बातमी तपासणं एकट्या ॲडमिनचं काम नाही, ग्रुपातल्या प्रत्येकाला ते आलं पाहिजे.

पहिल्यांदा मेसेजवरचे बाण पाहा. एक बाण म्हणजे दुसऱ्याकडून आलेला मेसेज पुढं ढकललेला आहे. दोन बाण म्हणजे तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलाय. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. व्हॉट्सॲपनं २०२० मध्ये मुद्दाम घातलेला हा अडथळा आहे. दोन बाण दिसले म्हणून बातमी खोटी ठरत नाही, पण टाकणाऱ्यानं ती स्वतः पाहिलेली नाही एवढं समजून चालावं. उलटंही लक्षात ठेवा. मजकूर कॉपी करून नव्यानं टाकला की बाण दिसत नाहीत, त्यामुळं बाण नाही म्हणजे बातमी खरी असं नाही.

मग मजकुरात तारीख, गाव आणि पाहणारा माणूस शोधा. ‘आज सकाळी’, ‘बाजूच्या तालुक्यात’, ‘माझ्या मित्राच्या भावानं सांगितलं’ अशा भाषेतला मेसेज कधीच जुना होत नाही, म्हणून तोच वर्षानुवर्षं फिरतो. गाव दिलं असेल तर तिथं फोन लावा. आपल्या गावची एखादी लेक तिकडं दिलेली असते, एखादा सालदार तिकडचा असतो, नाहीतर मुक्कामी एसटीचा वाहक असतो. पण विचारायची एक रीत आहे. ‘तुमच्याकडं पोरगं पळवलं म्हणतात, खरं का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘हो, आम्हीबी ऐकलं.’ कारण तोच मेसेज त्यांच्याही फोनवर पोचलेला असतो. त्याऐवजी विचारा: कोणाचं पोरगं? कोणत्या मोहल्ल्यातलं? तुम्ही त्या घरी जाऊन आलात का? दोन फोनांत घराचं नाव कळलं नाही तर बातमी तिथंच थांबवा आणि पोलीस पाटलांना सांगा, ते ठाण्यातून खात्री करून घेतात.

गावात खरंच अनोळखी माणूस दिसला आणि शंका आली, तर त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. फोटो टाकला की पाच मिनिटांत गर्दी जमते, आणि जमलेल्या गर्दीला मग कुणाचंच ऐकू येत नाही. त्याला सावलीत बसवा, पाणी द्या, एकाच माणसानं नाव-गाव विचारावं. पोलीस पाटलांना बोलवा, ११२ लावा. ग्रुपवर टाकायचंच असेल तर एवढंच टाका: ‘पोलीस पाटील आले आहेत, कुणी येऊ नये.’

फोटो तपासायचा तर तो फोनमध्ये साठवून गूगल लेन्समध्ये उघडा. तोच फोटो आधी कुठं छापून आला असेल तर बहुतेकदा सापडतो. व्हिडिओ असेल तर दुकानाची पाटी किंवा गाडीचा नंबर दिसेल तिथं थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो शोधा. यवतमाळचा म्हणून आलेल्या व्हिडिओत एमएच २९, अकोल्याच्यात एमएच ३०, अमरावतीच्यात एमएच २७ अशा गाड्या जास्त दिसायला हव्यात. पाट्या कोणत्या भाषेत आहेत तेही पाहा. आणि शेतकऱ्याच्या नजरेला फसवणं तर फारच अवघड आहे. जुलैचा पूर म्हणून आलेल्या व्हिडिओत वावरात पऱ्हाटी (कपाशी) फुटून पांढरी झालेली असेल, तर तो व्हिडिओ जुलैचा नाही. गारपिटीच्या व्हिडिओतही उभं पीक कोणतं आहे ते आधी बघा. विदर्भासाठी हवामानाचा इशारा नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचाच मानावा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच हला. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या.

बाजारभावाच्या मेसेजमध्ये लबाडी वेगळी असते. आकडा खराच असतो, पण तो कमाल दर असतो. बाजार समितीच्या रोजच्या तक्त्यात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे रकाने असतात. एखाद्या चांगल्या ढिगाला मिळालेला कमाल भाव ग्रुपवर फिरतो आणि त्या भरवशावर लोक गाडी भरतात. सर्वसाधारण दर पाहा, सोबत आवक पाहा, आणि निघण्याआधी अडत्याला फोन करा. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलमागं सोयाबीनला ५,३२८ रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आहे. सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांवर गेला की हमीभाव केंद्रावर माल अडतो, म्हणून भावाचा मेसेज टाकणाऱ्यानं ओलावाही लिहावा.

योजनेचा मेसेज आला की त्यातल्या पत्त्याचा शेवट वाचा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात, त्यासाठी ग्रुपवरून कुठलंही ॲप घ्यावं लागत नाही. सरकारी संकेतस्थळाचं नाव ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतं, त्यापुढं काही असलंच तर ते तिरप्या रेघेनंतर (/) येतं. ही अक्षरं मध्येच कुठं घुसवून तिरप्या रेघेआधीच पुढं दुसरंच काही लिहिलेलं असेल तर तो पत्ता खोटा. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल तर उघडूच नका. कुणी चुकून उघडलीच तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करावं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवावं आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर तक्रार नोंदवावी. उशीर झाला की पैसा एका खात्यातून दुसऱ्यात निघून जातो, म्हणून लाजून गप्प बसू नये. शासन निर्णयाचा फोटो आला तर त्यातला संकेतांक शोधा. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना आणि दिवस असे असतात. तोच संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ निर्णय मिळतो.

राजकारणाला ग्रुपवर बंदी घालून भागत नाही, लोक दुसरा ग्रुप काढतात. त्यापेक्षा तीन गोष्टी ठरवून घ्या. स्वतःचं मत असेल तर वर ‘माझं मत’ असं लिहायचं. उत्तर मुद्द्याला द्यायचं; घराण्याला, जातीला, धर्माला द्यायचं नाही. रात्री नऊनंतर वाद पुढं न्यायचा नाही, सकाळी पानठेल्यावर समोरासमोर बोलायचं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. त्यामुळं गावातला वाद पाहता पाहता भावकीवर उतरतो आणि मग धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणापर्यंत जातो.

वयस्क माणसानं चुकीचं काही टाकलं तर सगळ्यांसमोर खोडू नका. फोन करा: ‘काकाजी, तो व्हिडिओ जुना निघाला, तुम्हीच काढून टाका ना.’ मेसेज टाकल्यापासून साधारण दोन दिवसांपर्यंत तो सर्वांसाठी काढता येतो, आणि ॲडमिनलाही दुसऱ्याचा मेसेज काढता येतो. स्वतः काढणाऱ्याचा मान राहतो आणि पुढच्या वेळी तो आधी विचारतो. चूक गावभर पसरलेली असेल तर मात्र नुसतं काढून चालत नाही. त्याच ग्रुपवर ‘ती बातमी खोटी होती’ असं दोन ओळींत लिहावं.

ॲडमिनच्या मनातली भीतीही मोकळी करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, दोघांचा समान हेतू दिसावा लागतो, असं म्हटलं. टाकणारा मात्र सुटत नाही. लोकांत भीती किंवा वैर पसरवणाऱ्या अफवेसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि रस्ता, नळ, घरकुल यांवरून ग्रुपवर शंभर मेसेज पडतात त्याऐवजी एकानं १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते ग्रामसभेत वाचून दाखवा.

आता मदतीची हाक. रक्तासाठी मेसेज लिहिताना रक्तगट, किती पिशव्या, दवाखाना आणि वॉर्ड, तारीख-वेळ, नातेवाइकाचा नंबर आणि ‘अमुक वेळेपर्यंत’ एवढं हवंच. शेवटची गोष्ट राहिली की मेसेज वर्षभर फिरतो आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी ‘रक्त पाहिजे का’ असे फोन येत राहतात. रक्त मिळालं की दहा मिनिटांत ‘मिळालं, पुढं पाठवू नका’ असं टाका. दात्यांची यादी आधीच वहीत असावी: रक्तगट, वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख. पुरुषांना ९० दिवस आणि बायकांना १२० दिवस अंतर लागतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) लेकरांना वरचेवर रक्त लागू शकतं, तिथं ही वही फार उपयोगी पडते.

पैसे गोळा करण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजना पाहा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, भरती होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथं जायचं. लोक आधी वर्गणी काढतात, पैसे भरतात आणि मग योजनेचं कळतं. एकदा भरलेलं परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

तरी पैसे लागलेच तर आधी घरच्यांची परवानगी घ्या. बिछान्यावरचा फोटो नको. बरा होऊन आल्यावर त्या माणसाला त्याच गावात राहायचं असतं. रक्कम थेट दवाखान्याच्या खात्यात, नाहीतर रुग्णाच्या नातेवाइकाच्या खात्यात जावी, गोळा करणाऱ्याच्या नाही. हिशेब दोघांनी ठेवावा, त्यातली एक बाई असावी. रोज संध्याकाळी फक्त एकूण आकडा टाका, कुणी किती दिले ते नको. पन्नास रुपये देणाऱ्याला पाच हजारांच्या खाली आपलं नाव वाचायला लागलं की पुढच्या वेळी तो देत नाही, आणि अशा लहान रकमांनीच बहुतेक बिलं पुरी होतात. शेवटी बिलाची पावती टाकायची, त्यावरचा आजाराचा तपशील झाकून. पैसे उरले तर त्यांचं काय करायचं हे गोळा करतानाच पहिल्या मेसेजमध्ये लिहून ठेवा.