चौकीचा मॅप काढताय? मग निदान या चुका तरी करू नका

गेल्या काही वर्षांत डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातल्या नवीन डीएम लोकांचे (डीएम म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा) इतके मॅप बघितलेत की आता फाइल उघडायच्या आधीच आत काय असणार ते कळतं. सीमेवरची चौकी असते, चार कोपऱ्यांना चार बुरुज, मधोमध भलंमोठं अंगण, एक दरवाजा, आणि दगडांचं टेक्स्चर इतकं सुंदर की बघत बसावं. आणि खेळायला घेतलं की अर्ध्या तासात सगळं कोसळतं. खालचं सगळं 5-ई, म्हणजे खेळाची पाचवी आवृत्ती, धरून लिहिलंय, दुसरी सिस्टीम खेळत असाल तर आकडे बदला, चुका त्याच राहतील.

सगळ्यात मोठी आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे चौकी अवाढव्य काढणं. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून सांगतोय. माझी पहिली चौकी होती 40 बाय 40 चौकोनांची, एक चौकोन 5 फुटांचा, म्हणजे 200 बाय 200 फूट. तीन रविवार घालवले होते तिच्यावर, वीसेक खोल्या, तबेला, लोहारशाळा, देवघर, सगळं. आत शिपाई ठेवले 24, तेव्हा तो आकडा मला भरपूर वाटला होता. मग आमच्यातल्या रोगने (चोराचं पात्र खेळणाऱ्याने) शांतपणे विचारलं, रात्री तटावर किती जण असतात? मी तिथेच हिशोब केला, तीन पाळ्या म्हणजे एका वेळी 8, त्यातले दोन दरवाजावर, दोन कोठारावर, उरले चार. "चार," मी म्हणालो, तेही मोठ्या रुबाबात. तटाची एकूण लांबी 800 फूट, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 200 फूट. मशालीचा लख्ख उजेड 20 फूट आणि पुढे अंधुक 20, म्हणजे मशाल घेतलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंचे मिळून 80 फूट, चौघांचे 320. उरलेले 480 फूट ठार अंधार! शिपाई माणसं होती, डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात दिसायची शक्ती, नाही. आणि 15 फुटी तट चढायला किती वेळ लागतो? चढताना प्रत्येक फुटाला दोन फुटांचं मूव्हमेंट जातं, म्हणजे 30 स्पीडवाल्याचा (एका फेरीत 30 फूट जाणाऱ्याचा) बरोब्बर एक राउंड, म्हणजे एक फेरी, 6 सेकंद. आमची पार्टी, म्हणजे प्लेअर्सची टोळी, दोर टाकून आत आली, सरदाराला पलंगावरच गाठलं आणि 40 मिनिटांत सेशन संपलं. वीस खोल्यांपैकी त्यांनी तीन बघितल्या. देवघराची फरशी मी एकेक करून बसवली होती हो.

तेव्हापासून माझी सवय अशी की कागदावर आधी माणसं मांडतो, तट नंतर. माणसं म्हणजे शर्टाची जुनी बटणं. एका पाळीत जागी असणारी जेवढी माणसं तेवढीच बटणं घ्यायची, प्रत्येकाला शेजारचं बटण दिसलं पाहिजे आणि हाक मारली तर ऐकू गेली पाहिजे, अशी ठेवायची आणि मग त्यांच्याभोवती पेन्सिलने रेघ ओढायची. ती रेघ म्हणजे तुमचा तट. ती दरवेळी तुम्हाला वाटलं होतं त्याच्या निम्मीच येते, येऊ दे. रोमन लोकांनी हेड्रियनच्या भिंतीवर, म्हणजे इ.स. 122 मध्ये काम सुरू झालं ती, दर रोमन मैलाला एक छोटी चौकी बांधली होती, आणि तिची आतली जागा असायची साधारण 50 बाय 60 फूट. आपल्या ग्रिडवर 10 बाय 12 चौकोन! खरं साम्राज्य तेवढ्यात भागवत होतं आणि आपल्याला मात्र फुटबॉलचं मैदान लागतं.

उलट आतले बोळ मात्र लोक 5 फुटी काढतात आणि मग त्यात ओगर (राक्षसासारखा धिप्पाड प्राणी) सोडतात. ओगर 2 बाय 2 चौकोन अडवतो. तो त्या बोळात राहत असेल तर जेवायला कसा जातो, एवढं स्वतःला विचारा.

आता पाणी. शंभरातल्या नव्वद मॅपवर विहीर नसते, शौचकूप तर त्याहून नसतात, आणि डीएम म्हणतो "त्याने काय फरक पडतो". पडतो बाबा. प्लेअर्स वेढा घालायचं म्हणाले की दुसरा प्रश्न पाण्याचाच येतो. मी एकदा ऐनवेळी "विहीर आहे ना, तबेल्याजवळ" म्हणून ठोकून दिलं, पुढच्या सेशनला विसरलो आणि ती स्वयंपाकघरामागे गेली, आणि ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) खेळणारी मुलगी वही उघडून माझंच वाक्य मला वाचून दाखवते. तेव्हा पाण्याची जागा पहिल्या दिवशीच ठरवा, टाकं का विहीर का बाहेरचा झरा. झरा बाहेर असेल तर फारच छान, तिथेच एक आख्खं सेशन निघतं. आणि घाण उताराकडे जाते हे लक्षात ठेवा. त्याच हेड्रियनच्या भिंतीवर हाउसस्टेड्स नावाचा किल्ला आहे, तिथले शौचकूप सगळ्यात खालच्या कोपऱ्यात आहेत आणि पावसाचं साठवलेलं पाणी सोडून ते धुतले जायचे. म्हणजे उतार कुठे ते ठरवलं की अर्धा मॅप आपोआप ठरतो. फ्रान्समधला शातो गेलार्ड किल्ला 1204 मध्ये पडला तेव्हा शत्रूची माणसं शौचकूपाच्या वाटेने वर चढली असं सांगतात, काही जण देवघराची खिडकी म्हणतात. काहीही असो, तुमच्या प्लेअर्सना एक भोक दिसलं की ते त्यातून जाणारच, मग ते भोक तुम्ही स्वतः विचार करून ठेवलेलं बरं.

दरवाजा सरळ समोर, आत सरळ रस्ता, रस्त्याच्या टोकाला सरदाराची खोली, हेही नेहमीचंच. अहो फायरबॉलची, म्हणजे आगीच्या गोळ्याच्या मंत्राची, रेंज 150 फूट आहे, बाहेर उभं राहून थेट दिवाणखान्यात टाकतील. वाट वळवा. रायगडाचा महादरवाजा बघा, दोन बुरुजांच्या कुशीत लपलेला, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. सीरियातल्या क्राक दे शेवालिए किल्ल्यामध्ये आत जायची चढण वळणं घेत जाते. वळण म्हणजे वेळ, आणि त्या वेळात वरून मारा. फक्त ते वळण वरून दिसेल अशा जंग्या (तटातली बाण मारायची भोकं) ठेवा, नाहीतर प्लेअर्स तिथे निवांत शॉर्ट रेस्ट घेतील.

जंग्यांचं नाव निघालंच आहे तर, बऱ्याच मॅपवर त्या डिझाइनसारख्या ठरावीक अंतरावर टाकलेल्या असतात आणि त्यातून दिसतं काय, तर समोरचा कडा. पट्टी घ्या, प्रत्येक जंगीतून रेघ ओढा, बाण कुठे जातो ते बघा. जंगीमागच्याला थ्री-क्वार्टर्स कव्हर, म्हणजे पाऊण आडोसा, मिळतं, एसीला (वार लागू न देणाऱ्या आकड्याला) +5, त्यामुळे चुकीच्या जागची एक जंगी पहिल्या लेव्हलच्या पार्टीला पार गारद करू शकते.

तटाला लागून झाडं काढू नका. सुंदर दिसतात, मान्य, पण जो सरदार ती तोडत नाही तो मूर्ख आहे, आणि तसाच दाखवायचा असेल तर खुशाल काढा.

जिने. वरच्या मजल्याचा जिना खालच्या मजल्यावर त्याच चौकोनात उतरला पाहिजे. यापेक्षा जास्त मी काही बोलत नाही.

पाचव्या लेव्हलला विझर्डच्या, म्हणजे जादूगाराच्या, हातात फ्लाय हा उडायचा मंत्र येतो, त्यानंतर नुसत्या तटावर विसंबून चालत नाही. काही जण सरळ फ्लाय बंदच करतात, मला ते रडीचं वाटतं. बुरुजांना छप्पर घाला, अंगणाकडे तोंड करून दोन तिरंदाज ठेवा, बस.

आणि आता शॉर्टकटवाले. बटण दाबलं की मॅप तयार करून देणारी टूल्स मीही वापरतो, पण गर्दीच्या बाजारासाठी, जंगलातल्या वाटेसाठी. चौकीसाठी नाही. त्यात फांजीवर (तटावरच्या चालायच्या वाटेवर) चढायला वाटच नसते, देवडी (दरवाजाजवळची पहारेकऱ्यांची जागा) भलत्याच बाजूला असते, धान्याचं कोठार दारूकोठाराला चिकटून, आणि हे सगळं तुम्हाला कळतं खेळताना, कारण तुम्ही स्वतः ते काढलेलंच नसतं. नवीन मंडळींना पहिल्याच आठवड्यात चकाचक मॅप हवा असतो, टेक्स्चर पॅक विकत घेऊन बसतात आणि एक साधा पेन्सिलचा कागद भरवत नाही. माझे निम्मे मॅप अजूनही चौकटीच्या वहीत आहेत, प्लेअर्सनी आजवर तक्रार केलेली नाही.

ऑनलाइन खेळत असाल तर ग्रिड आधी जुळवा. रोल20 आणि फाउंड्री ही ऑनलाइन खेळायची टूल्स, त्यांतल्या रोल20 वर एक चौकोन मुळात 70 पिक्सेलचा असतो, फाउंड्रीवर 100 चा, आणि एकासाठी काढलेला मॅप दुसऱ्यावर तसाच टाकला की भिंती अर्ध्या चौकोनातून जायला लागतात.

शेवटचं, डीएमचा मॅप आणि प्लेअर्सचा मॅप या दोन वेगळ्या फाइली ठेवा. मी एकदा घाईत चुकीची फाइल ग्रुपवर टाकली, त्यावर लाल अक्षरात "चोरदरवाजा" लिहिलेलं आणि बाजूला बाण. दहा सेकंदात डिलीट केली, पण पाचही जणांनी बघितली होती. तरी सगळे इमानदारीत काहीच माहीत नसल्यासारखे खेळले, फक्त बार्बेरियन (आडदांड लढवय्याचं पात्र) सेशनभर "का कोण जाणे" त्याच भिंतीला टेकून उभा राहत होता.