ब्रुस्केत्ता मऊ पडू नये म्हणून

इटलीत जेवणाआधी जे आन्तिपास्तो मांडतात, त्यात ब्रुस्केत्ता, म्हणजे भाजलेल्या पावावर टोमॅटो, सगळ्यात साधा. तो बिघडतो टोमॅटोच्या पाण्यामुळे. टोमॅटोच्या बिया आणि आतला पातळ गर काढून बारीक फोडी करा, मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं चाळणीत निथळू द्या. मगच ऑलिव्ह तेल आणि हातानं तोडलेली बेसिलची पानं घाला. आपली तुळस त्याच कुळातली असली तरी तिची चव लवंगेकडे झुकते, ती इथे शोभत नाही.

मऊ स्लाइस ब्रेड घेऊ नका. कडक सालीचा, आदल्या दिवशीचा पाव हवा. बोटभर जाड काप निखाऱ्यावर किंवा बिडाच्या तव्यावर, तेल न लावता दोन्ही बाजूंनी भाजा. गरम असतानाच त्यावर सोललेली लसणाची पाकळी घासा. खरखरीत पाव खिसणीसारखं काम करतो, एक-दोनदा फिरवली की पुरे. लसूण चिरून टोमॅटोत घालतात ते मला अजिबात पटत नाही, बाकी सगळी चव दबते. टोमॅटो मात्र पाहुणे ताटावर बसल्यावरच पावावर घाला.

इटलीतल्या तोस्काना (टस्कनी) भागात नोव्हेंबरच्या सुमारास घाण्याचं ताजं ऑलिव्ह तेल आलं की फेत्तुन्ता करतात. त्यात टोमॅटो नसतोच: भाजलेला पाव, लसूण, सढळ हातानं तेल आणि वरून मीठ, कारण तिथला पारंपरिक पाव बिनमिठाचा असतो. खरंच चांगलं तेल हाती लागलं, तर आधी हाच करून बघा.