अ‍ॅक्टिव्ह बास आणि पेडलची फरफर : माझा अनुभव

नांदेडच्या आमच्या ऑर्केस्ट्रात मी बास गिटार वाजवतो. बास अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत सिग्नल वाढवणारा 9 व्होल्टचा प्रीअ‍ॅम्प. सरळ अ‍ॅम्पला लावला की आवाज भरदार. मध्ये पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी) आले की जाड तार फरफरायची. कंप्रेसरचा (हळू-जोराचा फरक कमी करणाऱ्या पेडलचा) लाल दिवा विझायचाच नाही. वाजवण्याच्या जोराप्रमाणे उघडमिट करणाऱ्या ऑटो-वा पेडलचं तर विचारूच नका, हळू वाजवा की जोरात, तो आपला सताड उघडा!

अ‍ॅम्पचं 'अ‍ॅक्टिव्ह' इनपुट वापर, असं जो तो सांगतो. त्याने सिग्नल कमी होतो खरा, पण पेडलच्या नंतर. पेडलमध्येच फाटलेला आवाज तिथे सांधला जात नाही.

आधी बॅटरी नवी घातली, कारण उतरलेली बॅटरीही अशीच फरफरते. फरक शून्य. मग बासवरचा वाढवून ठेवलेला लो (खालच्या सुरांचा) नॉब मधल्या खाचेवर, म्हणजे शून्य बूस्टवर आणला. 12 डेसिबल बूस्ट म्हणजे व्होल्टेज जवळजवळ चौपट, पेडलने सोसायचं तरी किती? पिकअपही स्क्रू फिरवून तारांपासून जरा खाली घेतले.

खरा उतारा पडला तो साखळीत सगळ्यात आधी व्हॉल्यूम पेडल लावल्यावर. अ‍ॅक्टिव्हला 25 किलोओहमचा घ्या, 250 वाला पॅसिव्हसाठी, म्हणजे आत प्रीअ‍ॅम्प नसलेल्या बाससाठी असतो. जोरात स्लॅप (अंगठ्याने तारेवर फटका) करत तो मागे घेत गेलो. हलक्या बोटाला ऑटो-वा मिटायला लागला तिथे थांबलो. कमी झालेला आवाज अ‍ॅम्पच्या गेनवर भरून काढला.

पेडलला 18 व्होल्ट देऊनही हेडरूम, म्हणजे आवाज फाटण्याआधीची मोकळीक वाढते, पण माहितीपत्रकात तसं लिहिलं असेल तरच द्या, नाहीतर पेडल जळेल.