मित्राच्या हातात स्पोर्ट्स कार धुवायला देण्याआधी

मित्राला त्याची स्पोर्ट्स कार घरी धुवायला आणि चाकं काढून तपासायला शिकवायची असेल तर सगळ्यात आधी लॉक बोल्टची चावी शोधा. शाम्पू, बादल्या, फडकी नंतर. प्रत्येक चाकाला एक बोल्ट चोरांना अडवायला वेगळ्या खाचांचा दिलेला असतो आणि तो फक्त त्याच खाचांच्या छोट्या सॉकेटनं उघडतो. त्या सॉकेटला आपण चावी म्हणतो. ती नसेल तर चाक निघत नाही, विषय संपला. मागच्या वेळी अंगणात सगळा बाजार मांडून बसलो, चार बोल्ट सैल केले आणि पाचव्यापाशी मी नि मित्र एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकानं दिलेल्या पिशवीत सर्व्हिस बुक होतं, छत्री होती, चावी नव्हती. मग "उद्यमनगरात नेऊया, तिथं काय बी निघतंय" असं कुणीतरी म्हणालंच (उद्यमनगर म्हणजे कोल्हापुरातली वर्कशॉपची वस्ती). निघतं, खोटं नाही. वरून लहान सॉकेट ठोकून बसवला की बोल्ट फिरतो, पण बोल्टच्या खाचा जातात आणि अलॉय चाकाच्या भोकाच्या कडेला जो ओरखडा पडतो तो कायमचा. चार चाकांचे चार बोल्ट म्हणजे हा खेळ चार वेळा.

म्हणून आठवडाभर आधी मित्राला फोन करा. "चावी हाय का?" म्हणून विचारलं तर "हाय की" असंच उत्तर येणार. फोटो मागा. निम्मे लोक गाडीच्या किल्लीचा फोटो पाठवतात.

इथं मी पोर्शे बॉक्स्टर धरून चाललोय, दोन सीटांची, कापडी छत उघडणारी, ९८१ मालिकेची, कारण माझ्या मित्राकडं ती आहे. दुसरी गाडी असली तर तपशील बदलतील, क्रम तोच. या गाडीत इंजिन सीटच्या मागं, मधोमध. पुढचं बॉनेट उघडलं की सामान ठेवायचा खड्डा दिसतो, मागचं झाकण उघडलं तरी डिकीच. इंजिन वरून दिसत नाही. ऑइल आणि कूलंट टाकायची तोंडं मागच्या डिकीत आहेत. ऑइलची दांडीही नाही, पातळी डॅशबोर्डवर बघायची. पहिल्यांदा शिकणाऱ्याला हे आधी दाखवा, नाहीतर तो अर्धा दिवस इंजिन शोधत बसतो.

आता चावीचीच पुढची गोष्ट. टूलकिट आणि चावी बहुधा पुढच्या खड्ड्यात असते. पुढचं झाकण विजेवर उघडतं. बॅटरीसुद्धा पुढच्याच झाकणाखाली. म्हणजे गाडी महिनाभर झाकून ठेवली, बॅटरी उतरली, की झाकण उघडत नाही, आणि झाकण उघडत नाही म्हणून बॅटरीही हाताशी येत नाही आणि चावीही. यावर उपाय आहे: पायापाशी असलेल्या फ्यूजबॉक्समधलं धन टर्मिनल बाहेर ओढून तिथं दुसऱ्या बॅटरीची धन वायर द्यायची, ऋण वायर पुस्तिकेत दाखवलेल्या धातूच्या जागी, मग झाकणाची खिट्टी सोडता येते. पद्धत गाडीच्या पुस्तिकेत आहे, आदल्या दिवशी वाचून ठेवा. त्यापेक्षा आदल्या रात्री मेंटेनर चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर, लावा. आणि चावी एकदा हातात आली की पुढच्या खड्ड्यात परत टाकू नका, ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा.

दिवस कुठला घ्यायचा? ऊन चढायच्या आत काम संपेल असा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि पाण्यातले क्षार डाग होऊन बसतात. सावली हवी, पण झाडाखालची नको. चिंचेचा पाला आणि पाखरांची विष्ठा दोन्ही वरून येतं. गाळप हंगामात आणखी एक भानगड. कारखान्याच्या चिमणीची काजळी आणि शेतात पेटवलेल्या पाचटाची राख रात्रभर गाडीवर बसते. सकाळी ड्रायव्हर किंवा मित्राचे वडील कोरडं पिवळं फडकं घेऊन ती झटकतात, आणि पॉलिश पेपर मारल्यासारखे बारीक गोल ओरखडे पडतात. उन्हात बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसतं ना, ते हेच. काकांना प्रेमानं सांगा, पण सांगा: "काका, पाण्याशिवाय हात लावू नका." ही गोष्ट मित्राला शिकवण्यापेक्षा घरच्यांना शिकवणं जास्त गरजेचं आहे.

पाणी. बोअरच्या पाण्यावर पहिली धुलाई चालेल, शेवटची नाही. त्यातला कॅल्शियम काळ्या रंगावर पांढरे ठिपके सोडतो आणि ठिपका जुना झाला की पॉलिशशिवाय जात नाही. नळाचं बरं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाडीला वापरायची बचत खूप घरांत चालते. त्यात क्षार उलट जास्त साठलेले असतात, फरशीला वापरा. शेवटचा हात मारायला आरओचं चांगलं पाणी दोन-तीन कॅन बाजूला ठेवलं तर सोनं.

बादल्या तीन. एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची, तिसरी चाकांची. मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, शाम्पूत बुडवायचा, एक पॅनल पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून घाण सोडायची, मग परत शाम्पूत. वरून खाली. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर शेवटी, कारण रेती तिथंच असते. चाकाची बादली आणि चाकाचं फडकं चाकालाच. ब्रेकची धूळ म्हणजे लोखंडाचा भुगा, तेच फडकं दारावर फिरवलं की काय होईल ते सांगायला नको. भांड्याचं लिक्विड नको, रंगावरचं मेण धुऊन काढतं. जुन्या बनियनचं फडकं नको.

हातातलं काढून ठेवा. घड्याळ, अंगठ्या, हुपरीचं चांदीचं कडं, पट्ट्याचं बक्कल. मित्र म्हणेल, "मी काय चिकटून धुणार हाय व्हय?" धुतो. छताचा मधला भाग पुसायला वाकला की बक्कल दाराला लागतंच.

मिट त्याच्याच हातात राहू द्या. आपल्याला राहवत नाही, दोन मिनिटांत "आण इकडं" म्हणून आपणच सुरू होतो. मग तो शिकत नाही, फक्त बघतो, आणि पुढच्या रविवारी गाडी हायवेच्या वॉशिंग सेंटरला उभी दिसते. तिथं ट्रॅक्टरला वापरलेला ब्रश आणि फूटभरावरून मारलेला प्रेशर, खाली कापडी छत.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या बाजूला गाडी रोज उभी राहत असेल तर साध्या धुण्यानं भागत नाही. फाउंड्रीत कास्टिंग घासताना उडणारे लोखंडाचे कण रंगाच्या वरच्या थरात रुतून गंजतात, पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसतात. तपासायचं सोपं आहे: धुतलेल्या बॉनेटवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा, खरखर लागली तर कण आहेत. आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण, मारला की त्या जागा जांभळ्या होऊन ओघळतात. वास घाण येतो, हातमोजे घाला, वाळू देऊ नका, धुऊन टाका. उरलेली खरखर क्ले बारनं (रुतलेले कण ओढून घेणारा मऊ गोळा), पत्रा ओला ठेवून. क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर उचलून कचऱ्यात. "धुऊन वापरतो की" चालणार नाही.

आता चाकं, म्हणजे परत चावी. चावी समोर, डोळ्यांपुढं, पान्याशेजारी ठेवलीय का? मग पुढं चला.

गाडी इतकी बुटकी की साधा ट्रॉली जॅक खाली जात नाही. दोन इंच जाडीच्या फळ्यांवर आधी चाकं चढवा. हँडब्रेक, गिअर, समोरच्या चाकाला अडण. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. इकडंतिकडं लावलात तर खालचं प्लास्टिक मोडतं. बोल्ट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. उचलल्यावर खाली लोखंडी स्टँड, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. एका वेळी एकच चाक. मातीत जॅक लावू नका.

इतका खटाटोप करून चाक काढायचं कशाला? कारण बुटक्या गाड्यांच्या चाकांना आत थोडा झुकाव दिलेला असतो आणि टायर आतल्या कडेनं आधी झिजतो. बाहेरून नक्षी नवीकोरी, आत तारा दिसायच्या बेतात. पन्हाळ्याच्या वळणावर पावसात हे कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं. ब्रेक पॅड किती उरलेत तेही तेव्हाच दिसतं, डिस्कच्या कडेला धार आलीय का तेही. टायरच्या बगलेवर चार आकडे शोधायला लावा: २३२१ असेल तर २०२१ सालचा २३ वा आठवडा. कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात, रबर कडक पडतं. सेकंडहँड घेताना हे कुणी बघत नाही, रंगच बघतात.

बोल्ट परत बसवताना आधी हातानं, मग तिरक्या क्रमानं, मग चाक जमिनीवर टेकवून टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की कळवणारा पाना. ९८१ ला १६० न्यूटन मीटर, त्याआधीच्या ९८७ ला १३०. टॉर्क पाना कुणाकडून तरी मागून आणा, अंदाजानं नको. आणि एकदा पंक्चरवाल्याच्या हवेच्या गननं आवळलेला लॉक बोल्ट चावीच्याच खाचा मोडतो. गनला ती चावी लावू देऊ नका. टायर बदलायला गाडी दिली की परत घेताना आधी चावी मागा, मग बिल द्या. चाव्या हरवतात त्या तिथंच. हरवलीच तर चावीवर कोरलेला कोड लागतो, म्हणून तो आजच मोबाइलमध्ये टिपून ठेवा. मित्राच्या, तुमच्या नव्हे. किंवा दोघांच्या.

पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमागं रेडिएटर आहेत. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं महिनाभर चाललेल्या गाडीत तिथं पाचट, चिपाडं, पाला असा ओंजळभर माल निघतो. ओल धरून तो तिथंच कुजतो आणि रेडिएटर पोखरतो. अरुंद तोंडाच्या व्हॅक्यूमनं ओढून घ्या. आत प्रेशरनं पाणी मारलं तर पातळ पापुद्रे वाकतात. मागच्या चाकांपुढच्या हवेच्या खाचांतही प्रेशर नको.

पाण्याचे निचरे बघा: काचेखाली, आणि छताच्या बिजागऱ्यांपाशी. तुंबले की पाणी कार्पेटखाली उतरतं. मऊ नायलॉनची दोरी हळूच घाला, तार घालू नका, आतली नळी सुटते. मग थोडं पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय का बघा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे एक काम केलं नाही तर सप्टेंबरात सीटखाली बुरशी.

वाळवणं: मोठा मायक्रोफायबर अंथरायचा नि ओढायचा, घासायचं नाही. कापडी छत मऊ ब्रशनं, आणि ओलं असताना मिटायचं नाही. मेण पातळ लावा. पॉलिश मशिन पहिल्या दिवशी अजिबात हातात देऊ नका, वरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसाहून पातळ, गेला की गेला. लेदरला ओलसर फडकं, चकचकीत करणारं काही नको. टायरला काळं लावायचं तर बगलेलाच.

धुऊन झाली की लगेच झाकून ठेवू नका. ओल्या डिस्कवर तासाभरात गंज चढतो आणि पॅड चिकटतात. कळंब्यापर्यंत एक फेरी, हळूहळू ब्रेक दाबत. परत आल्यावर बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा, त्यासाठीही चावी लागते, ग्लोव्हबॉक्समध्ये.

नंतरचं थोडक्यात. हवा महिन्यातून एकदा, गाडी गार असताना. ऑइल वर्षाला, फिरली नाही तरी. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, ते हवेतली ओल ओढतं. रंगावर सांडलं तर ताबडतोब भरपूर पाणी, रंग खातं. कूलंटची पातळी गार इंजिनावर.

आणि मित्राचं पार्किंग नागाळा पार्क किंवा शाहूपुरीच्या खालच्या बाजूला तळघरात असेल तर जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पुराची पातळी रोज बघायला सांगा. ३९ फूट इशारा, ४३ धोका. ३९ ची बातमी आली की गाडी वर हलवायची, ४३ ची वाट बघायची नाही. पाणी शिरलंच तर स्टार्ट मारून बघायचं नाही, बॅटरी सोडवायची आणि उचलून न्यायला गाडी बोलवायची.