एका संगणकावर तिघं: गटाने शिकवताना या चुका टाळा

शाळेच्या लॅबमध्ये संगणक थोडे, त्यातले काही बंद, आणि वर्ग भरलेला. गट करणं भागच असतं. पण एका स्क्रीनसमोर मुलं दाटीवाटीने बसवली की ती एकमेकांकडून शिकू लागतात, ही समजूत सोडून द्यायला हवी. बहुतेक गटांत एक जण करतो आणि बाकीचे बघतात.

आधी माउस कोणाच्या हातात आहे ते पाहा. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो सुरुवातीलाच माउस धरतो आणि तास संपेपर्यंत सोडत नाही. मुलं-मुली एकत्र असतील तर मुली बहुधा वहीत पायऱ्या लिहून घेत बसतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळणं अवघड नाही. प्रोग्रामर जोडीने काम करतात ती रीत उचला: एक चालक, एक वाटाड्या. चालकाकडे माउस-कीबोर्ड, वाटाड्याने फक्त तोंडाने सांगायचं. दर सात-आठ मिनिटांनी अदलाबदल, तीही घड्याळ लावून. गट दोघांचा, नाइलाज असेल तर तिघांचा.

त्याहून मोठी चूक मदतीच्या नावाखाली होते. इनस्क्रिप्टवर (मराठी टायपिंगच्या कीबोर्ड-मांडणीवर) ‘प्रकाश’ लिहिताना एखादी अडते. शेजारचा पुढे वाकतो, चटचट कळा दाबतो, शब्द उमटतो. तिच्या हाती काय लागलं? काहीच नाही. नियम करा: सांगणाऱ्याने कळीला हात लावायचा नाही. मग त्याला बोलावं लागतं, ‘आधी एच, मग डी, मग जे.’ ‘डी कशाला?’ असं तिने विचारलं की त्यालाही थांबून विचार करावा लागतो: डी म्हणजे हलन्त, त्याने ‘प’चा पाय मोडतो आणि पुढचा ‘र’ त्याला जोडला जातो. इथे दोघंही शिकली.

शिक्षकही हीच घाई करतात. एक्सेलमध्ये बेरीज शून्य आली की आपण धावत जाऊन ती दुरुस्त करतो. त्याऐवजी शेजारच्या जोडीला बोलवा आणि दोन्ही स्क्रीनवरच्या आकड्यांत फरक शोधायला लावा. यांचे आकडे सेलच्या डाव्या कडेला चिकटलेत, हे कोणाच्या तरी लक्षात येतंच. सेलचं फॉरमॅट टेक्स्ट असतं, म्हणून बेरीज होत नाही. नुसतं फॉरमॅट बदलूनही भागत नाही, आकडे पुन्हा टाइप करावे लागतात. हे मुलांनाच सापडू द्या.

प्रकल्पात ‘तू टायपिंग, तू चित्रं, तू तक्ता’ अशी वाटणी केली, तर ज्याला जे येतं तेवढंच तो करत राहतो. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत जिगसॉ पद्धत आणली, ती इथे उपयोगी पडते. प्रत्येक गटातला एकेक जण तक्ता शिकणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन तेवढंच नीट शिकतो, परत येऊन आपल्या गटाला शिकवतो.

गूगल शीटवर सगळे शाळेच्या एकाच खात्याने शिरले, तर व्हर्जन हिस्टरीत (कोणी काय बदललं त्या नोंदीत) एकच नाव दिसतं. शक्य असेल तिथे खाती वेगळी ठेवा. एकाने लावलेला साधा फिल्टर सगळ्यांना लागू होतो, तेव्हा इतरांच्या स्क्रीनला धक्का न लावणारा फिल्टर व्ह्यू आधी शिकवा.

गुण मात्र गटाला एकगठ्ठा देऊ नका. जोडीतल्या कोणालाही बोलवा, कोरी फाइल उघडून द्या आणि तेच काम एकट्याने करायला सांगा. अडलं तर उत्तर जोडीदाराने द्यायचं, हात न लावता.