ट्रकवर लागायचंय? आधी हे उरकून घ्या

ट्रक ड्रायव्हरची नोकरी विसाव्या वर्षी शोधायची असते, पण तयारी अठराव्या वर्षीच सुरू करावी लागते. आणि ती सुरू होते चारचाकीच्या लायसन्सपासून. मोटारसायकलच्या नाही. खेड्यातलं पोरगं अठरा पूर्ण झालं की दुचाकीचं लायसन्स काढतं आणि चारचाकीचं पुढे ढकलतं, कारण घरी चारचाकी नसते आणि ड्रायव्हिंग स्कूलची फी जास्त असते. मीही ढकललं होतं. आरटीओत हेवीचा, म्हणजे जड गाडीच्या लायसन्सचा, अर्ज करायला गेलो तर खिडकीमागच्या बाईंनी कार्डाची मागची बाजू बघितली, 'एलएमव्ही (हलकी चारचाकी) कुठाय?' म्हणाल्या आणि कार्ड परत सरकवलं. मग आधी चारचाकी, मग एक वर्ष थांबणं, मग हेवी.

नियम अवघड नाही, कोणी सांगत नाही इतकंच. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रान्सपोर्टची, म्हणजे भाड्याने माल किंवा माणसं वाहणारी, गाडी चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात, आणि त्या गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळवायला एलएमव्हीचं पक्कं लायसन्स किमान १ वर्ष जुनं लागतं. पक्कं. शिकाऊवरचे महिने यात धरत नाहीत. दुचाकीची वर्षं धरत नाहीत. बापाच्या शेजारी बसून ट्रॅक्टर कितीही वर्षं हाणला असला तरी तोही धरत नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आत एलएमव्ही काढलं तर विसाव्या वाढदिवसाला तुम्ही मोकळे. विसाव्या वर्षी काढलं तर एकविसापर्यंत बसून राहा. दुचाकीच्या अर्जातच एलएमव्हीवर खूण करा, एकाच खेपेत दोन्ही होतात. झाल्यावर कार्ड उलटून त्यावर एलएमव्ही लिहिलंय का हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. एजंटच्या 'झालं रे सगळं'वर विश्वास ठेवू नका.

बाकी कागद म्हणजे आधार, वयाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, हे काही सांगायला नको. फक्त आधारवर, दाखल्यावर आणि लायसन्सवर नाव एकसारखं आहे का ते बघा. एका ठिकाणी वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून हेलपाटे पडतात. आठवी पासची जुनी अट २०१९ला गेली. शाळा सुटलेल्यांनी त्या भीतीने घरी बसायचं कारण नाही.

डॉक्टरचा फॉर्म १-ए, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागतो. तो सही मारून आणण्यापुरता ठेवू नका, डोळे खरंच तपासून घ्या. चष्मा लागत असेल तर आत्ताच कळू दे, रात्री समोरून लाइट अंगावर आल्यावर नको.

एलएमव्हीचं ते एक वर्ष (हो, तेच वर्ष, ज्याची तारीख तुम्ही आज लिहून ठेवणार आहात) रिकामं घालवू नका. क्लीनर म्हणून लागा. पोरांना यात कमीपणा वाटतो, पण छोट्या गाडीमालकाचा विश्वास तिथेच बसतो. ताडपत्री ओढून दोर आवळणं, फाळका (मागची फळी) लावणं, मोजून माल उतरवून घेणं, मागे उभं राहून ड्रायव्हरला गाडी रिव्हर्स घ्यायला लावणं, पंक्चर चाक उतरवणं, हे कुठल्याही स्कूलमध्ये शिकवत नाहीत. घाटात वस्तादाच्या, म्हणजे तुमच्या ड्रायव्हरच्या, हाताकडे बघा. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा वस्ताद भेटला तर त्याच्याकडून बाकीचं सगळं शिका, हे एक सोडून. उतारावर न्यूट्रल केलं की इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि सारखे दाबून ब्रेक तापतात, एअर ब्रेकची हवा संपते. कसारा काय किंवा खंबाटकी काय, भरलेली गाडी मग कोणाच्या बापाला ऐकत नाही.

हेवीसाठी ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला, लागतो. इथे सांभाळा. पैसे भरले की गाडीवर न बसवता फॉर्म देणारे असतात, आणि पोरं खूशही होतात. मग मालकाकडे ट्रायलला पहिल्याच रिव्हर्सला उघडी पडतात. फी भरायच्या आधी विचारा: गाडी कोणती, एअर ब्रेकची आहे का, स्टेअरिंग माझ्या हातात किती वेळ, रिव्हर्स शिकवता का. भोसरीला सीआयआरटी या रस्ते वाहतुकीच्या संस्थेत ड्रायव्हरांचं प्रशिक्षण होतं, पुण्याच्या आसपास असाल तर तिथे चौकशी करा. शिकाऊ मिळाल्यावर किमान ३० दिवस थांबून पक्क्याची टेस्ट देता येते. शिकाऊ ६ महिने चालतं. ट्रान्सपोर्टचं लायसन्स ५ वर्षांचं असतं. कार्डावर दोन तारखा छापलेल्या असतात, एक साध्या गाडीची आणि एक ट्रान्सपोर्टची. तुमची तारीख दुसरी.

हेवी हातात येईपर्यंत छोटी गाडी आहेच. नोव्हेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की एलएमव्हीचं लायसन्स असलेल्याला एकूण वजन ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप. हे वजन आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर) लिहिलेलं असतं, मालकाच्या तोंडावर जाऊ नका. आणि वीस वर्षांची अट इथेही आहेच. अठराव्या वर्षी पिवळ्या नंबरप्लेटची पिकअप चालवणारी पोरं गावोगाव आहेत, अपघात झाला की विमा कंपनी पहिलं लायसन्स आणि वय बघते आणि भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. शहाणा मालक म्हणूनच आधी कार्ड मागतो. कार्डावर काय हवं, ते वर दोनदा सांगितलंय.

काम कुठे मिळतं? मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्या अनुभव मागतात, तिथे सुरुवातीला वेळ घालवू नका. एक-दोन गाड्यांचे मालक बघा. निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, कळंबोलीचा लोखंड बाजार, नाशिकचा आडगाव नाका, नागपूरचं वाडी, भिवंडीची गोदामं इथे सकाळी जाऊन चहाच्या टपरीवर विचारलेलं मोबाइलवरच्या जाहिरातीपेक्षा बरं. गावाकडचे असाल तर ऊस सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, कारखान्याच्या भागात ड्रायव्हर शोधत फिरणारे मालक भेटतात. कांद्याच्या दिवसांत लासलगाव-पिंपळगावकडे तसंच. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा दिसला की उठून चालायला लागा. ओरिजिनल लायसन्स 'जमा' ठेवून घेणाऱ्या मालकाकडे लागू नका. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरवर दाखवा. कार्ड त्याच्या कपाटात गेलं की पगार राहिला तरी तुम्ही हलू शकत नाही.

मालक गाडी चालवून बघायला देतो त्या ट्रायलच्या दिवशी किल्ली मिळाली की लगेच सीटवर चढू नका. आधी गाडीभोवती एक फेरी. टॉमीने (लोखंडी दांड्याने) प्रत्येक टायर ठोका, जोडीतला आतला टायरसुद्धा. हवा कमी असलेल्या टायरचा आवाज भद्द येतो. खाली तेल सांडलंय का बघा. मग वर चढा, गाडी चालू करा आणि हवेच्या काट्याकडे बघत बसा. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत पुरेशी हवा भरेपर्यंत गाडी हलवायची नसते. काटा सावकाश वर चढतो, आणि तोपर्यंत शेजारी बसलेला मालक काही बोलत नाही, तुम्ही घाई करता का एवढंच बघतो. काटा वर आला, हवा कमी असल्याचा इशारा बंद झाला, मग हँडब्रेकचा नॉब सोडा, फुस्स आवाज येईल, मग पहिला गिअर. या दोन मिनिटांत निम्मी ट्रायल झालेली असते. उरलेली निम्मी रिव्हर्समध्ये. मागचं दिसत नसेल तर थांबा, खाली उतरून बघून या. उतरण्यात लाज नाही, भिंतीला फाळका टेकवण्यात आहे.

पगाराचं बोलणं चहाबरोबर हसतखेळत होतं आणि तिथेच फसवणूक होते. महिन्यावर की ट्रिपवर? भत्ता वेगळा की त्यातच? ॲव्हरेज कमी पडलं तर कापणार का, आणि ॲव्हरेज कोणी ठरवलं? मालाची घट कोणाच्या अंगावर? ई-चलान कोण भरणार? ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर जादा प्रत्येक टनाला २,०००. जास्त माल भरायचा हे मालक ठरवतो, मग दंड तुमच्या पगारातून का? हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, निदान तुमचा मेसेज आणि त्याचं 'ओके' तरी राहू दे. उचल घेऊ नका. लग्न असो, आजारपण असो, पहिल्या वर्षी घेऊ नका, ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेतून वर्षाला २० रुपयांत, अपघाती मृत्यूला २ लाख. काढून ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा.

धाकट्या भावंडांपैकी कोणी अठराचं होत असेल तर आजच त्याला विचारा चारचाकीचं काढलंस का. दुचाकीचं नाही विचारलं मी.

पिशवीत: बॅटरी, चादर, पॉवरबँक, ओआरएस, औषधं. दारू कोणाच्याही आग्रहाने नाही. जेवण झाल्यावर डुलकी येत असेल तर गाडी बाजूला, शेठचा फोन आला तरी.

गाडी बाहेर काढताना आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस, परमिट, सगळ्यांच्या तारखा. ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस असते, वाटेत गाडी बिघडली तर लगेच ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून वाढवून घ्यायला सांगा. टँकर, केमिकल वगैरेला वेगळं ३ दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर शेरा लागतो, ते पुढच्या वर्षी बघा. माल उतरवला की पोचवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) सही आणि शिक्का, दोन्ही. नुसती सही चालत नाही, तारीखही टाकून घ्या, जागेवरच फोटो काढून शेठला पाठवा.